पातीचा कांदा दोन दिवसांत सुकतो किंवा सडतो: नेमकं कुठे बिघडतं आणि काय तपासायचं

मार्गशीर्ष लागला की सोलापुरात पातीच्या कांद्याची रेलचेल होते. लक्ष्मी मंडईत, मंगळवार बाजारात पेंड्यांचे ढीग दिसतात. वेळ अमावस्येची भज्जी (मिश्र भाजी) आणि भोगीची भाजी यांच्यासाठी घरोघरी पात येते, आणि गावाकडे शेत असेल तर ती पेंडीने नाही, पोत्याने येते. मग चौथ्या दिवशी तीच तक्रार: फ्रीजमध्ये ठेवली होती, तरी गेली.

ताजी पात शून्य अंशाला चार आठवड्यांपर्यंत टिकते, ५ अंशांना साधारण दोन आठवडे आणि १० अंशांना जेमतेम एक आठवडा. घरातला चांगला फ्रीज ४-५ अंशांवर असतो. म्हणजे दहा-बारा दिवस पात टिकायलाच हवी. त्याच्या आत गेली तर काहीतरी दुरुस्त करण्यासारखं आहे, आणि बहुतेक वेळा त्याला एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

पात खराब झाली एवढं पुरेसं नाही. कशी खराब झाली त्यावर इलाज ठरतो.

- टोकं कागदासारखी वाळलेली, पात लोंबती, पण वास ताजा: आतलं पाणी उडालं आहे. ही पात परत उभी राहू शकते.
- पानं एकमेकांना चिकटलेली, बोटाला बुळबुळीत लागतात, रंग काळपट हिरवा, कुजका वास: जिवाणूंनी सड धरली आहे. ती पानं गेली.
- पिवळी पडली पण कोरडी आहे, वास नाही: जागा गरम होती, पात जुनी होती, किंवा शेजारी पिकणारी फळं होती.
- काचेसारखी, उकडल्यासारखी दिसते आणि बाहेर काढताच पाणी सोडते: पात गोठली होती.
- टोकं वरच्या बाजूला वळली, मधला कोंब बाकीच्या पानांच्या पुढे गेला: आडवी ठेवलेली पात जिवंत आहे आणि वाढते आहे. तिला हवा तेवढा गारवा मिळत नाही.
- पात उत्तम, पण दुधाला, लोण्याला, द्राक्षांना कांद्याचा वास: पात उघडी राहिली.

काही गोष्टी बिघाड वाटतात पण नसतात. पात मोडली की पोकळ नळीतून पारदर्शक, तार सुटणारा चिकट द्रव येतो. तो पातीचा स्वतःचा आहे. सड असेल तर चिकटपणा नळीच्या बाहेरून असतो आणि वास मारतो. नाकाला लावून बघितलं की शंका उरत नाही. पानांवरचा राखाडी-पांढरा थर हे मेण आहे. बोटाने पुसलं की खालून गडद हिरवा रंग दिसतो. तो थर पाणी उडू देत नाही, म्हणून घासून काढू नका. लाल कांद्याच्या पातीत गड्ड्याजवळ जांभळट छटा असते, तीही ठीक.

पुढच्या सगळ्या तपासण्यांमागे एकच गोष्ट आहे: पानावर पाणी नको, पानाभोवतीच्या हवेत ओलावा हवा. पातीत जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं आणि पान पातळ असतं. कोरड्या हवेत ते पाणी भराभर उडतं. पण पानावर थेंब बसले की जिवाणूंना तेवढंच पुरतं. लोक एका चुकीतून सुटायला जातात आणि दुसरीत अडकतात: सुकते म्हणून पाणी शिंपडतात, सडते म्हणून उघडी ठेवतात.

१. पेंडी सोडली का?

सगळ्यात सोपी तपासणी आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच गाडं अडतं. पेंडी सुतळीने किंवा रबराने करकचून बांधलेली असते. त्या बंधाखाली पानं चेपतात, चेपलेल्या पानातून रस सुटतो, हवा खेळत नाही, आणि सड तिथूनच सुरू होते. खराब पेंडी उघडून पाहिलीत तर बंधाच्या जागी काळपट पट्टा असतो आणि दोन्ही बाजूंची पानं अजून धड असतात. घरी आल्याबरोबर सुतळी काढा, पात पसरा. पिशवीत तासभरही तशीच राहू देऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

२. निवडताना काय काढलं?

बाहेरची दोन-तीन पानं बहुधा मोडलेली असतात, ती काढा. मोडलेली पण हिरवी पानं आजच्या भाजीत घाला, साठवणीत नको. पानावर जांभळट-तपकिरी लांबट डाग असतील तर तो करपा आहे. ती पानं बुडापासून काढा, कारण डागाच्या जागी पान आधीच मेलेलं असतं आणि ओल मिळाली की तिथूनच मऊ पडतं. रुपेरी-पांढरे बारीक ठिपके फुलकिड्यांचे. ते दिसायला वाईट, पण पात खायला आणि ठेवायला चालते, फक्त आधी संपवा.

मुळं कापू नका. मुळांची माती कोरडीच झटका. कापलेली जागा म्हणजे जिवाणूंना उघडं दार, आणि मुळं शाबूत असली की सुकलेली पात पुन्हा पाणी ओढू शकते. टोकंही साठवण्याआधी छाटू नका. ते काम चिरताना करायचं.

३. धुतली का? की विकणाऱ्याने आधीच भिजवली होती?

साठवायची पात धुवायची नाही. वापरायच्या वेळी, लागेल तेवढीच धुवा. अडचण अशी की बाजारात पातीवर दिवसभर पाणी मारलेलं असतं, म्हणजे तुम्ही न धुताही ती ओली असते. कोरडा रुमाल किंवा साधा टिश्यू पानांच्या मधे घालून हलकेच दाबा. ओल लागली तर पात पंख्याखाली एका थरात पसरा. हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त नको, इथल्या कोरड्या हवेत टोकं लगेच वाळतात. पांढऱ्या देठाला पानं जिथे फुटतात त्या बेचक्यात पाणी अडकून राहतं. पात मुळाला धरून उलटी करा आणि एक झटका द्या, ते निघतं.

या कामाला सोलापुरी टेरी टॉवेल फार चांगला, पाणी झटकन शोषतो. नवा असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर तूस पातीला चिकटते.

४. कशात गुंडाळली?

टेरी टॉवेल पुसायला चांगला, गुंडाळून ठेवायला नाही. त्यात ओल दिवसेंदिवस राहते. गुंडाळायला पातळ सुती कापड, जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा घ्या. पद्धत अशी:

मुळांकडची चार बोटं ओलसर कापडात गुंडाळा. ओलसर म्हणजे पिळल्यावर एक थेंबही पडू नये. वरची हिरवी पात कोरड्या कापडात. मग सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड दुमडा, गाठ मारू नका. पिशवीने ओलावा आत राहतो, कापड सुटलेलं पाणी शोषतं, आणि उघड्या तोंडातून जास्तीची वाफ निघून जाते. एका पिशवीत पाव ते अर्धा किलोच ठेवा. मोठ्या गठ्ठ्यात मधली पात श्वासोच्छ्वासाने स्वतःच गरम होते, आणि एक पान सडलं की सगळा गठ्ठा जातो. दर तिसऱ्या दिवशी उघडून बघा. कापड ओलं झालं असेल तर बदला.

वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. छपाईची शाई अन्नाला लागते. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नका असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनेही सांगितलं आहे. कोरा कागद असेल तर चालेल, पण कापडाची सर त्याला नाही.

पात फ्रीजच्या लांबीत बसत नाही म्हणून मधोमध मोडून कोंबतात. मोडलेल्या जागी तिसऱ्या दिवशी चिकट व्हायला लागते. बसतच नसेल तर सुरीने सरळ कापा, पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि हिरवा भाग चार-पाच दिवसांत संपवा.

५. फ्रीजमध्ये कुठे ठेवली?

खालचा भाजीचा कप्पा ही पातीची जागा. दारातली नाही: दार उघडलं की तिथली हवा आधी तापते. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाखालच्या ट्रेमध्येही नाही, आणि दोनदारी फ्रीजमध्ये मागच्या भिंतीच्या हवेच्या झरोक्याला टेकवूनही नाही. पात साधारण उणे एक अंशाला गोठते, आणि एकदा गोठली की पेशी फुटतात. तिला परत ताठ करणारा उपाय नाही, त्याच दिवशी शिजवा.

सफरचंद, पिकलेली केळी, पेरू, टोमॅटो एकाच कप्प्यात ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने हिरवा रंग लवकर उतरतो. उलट बाजूने पातीचा वास सफरचंदाला आणि द्राक्षांना लागतो. दोघांचंही नुकसान.

६. बरणीत उभी ठेवली असेल तर

ही पद्धत चांगली आहे, पण लोक पाणी फार घालतात. मुळं बुडतील एवढंच, ३ ते ४ सेंटीमीटर पाणी हवं. पांढरा देठ बुडाला की तो बुळबुळीत होतो. पाणी एक दिवसाआड बदला, दर वेळी मुळं वाहत्या पाण्याखाली धरा आणि बरणीच्या आतून बोट फिरवा, कारण चिकटा काचेला धरलेला असतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात पिंपातलं साठवलेलं पाणी चालतं, मात्र ते स्वच्छ हवं. बदललेलं पाणी कुंडीत ओता. बरणीवर पिशवी सैलसर पालथी घाला, नाहीतर फ्रीजच्या कोरड्या हवेत टोकं वाळतात.

डिसेंबर-जानेवारीत अशी बरणी फ्रीजबाहेर ओट्यावरही पाच-सहा दिवस चालते. मार्चनंतर हा नाद सोडा. पाणी दुपारी कोमट होतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतं.

सुकलेली, पण सडलेली नाही अशी पात याच पद्धतीने जागी करा: मुळांची वाळकी टोकं दोन-तीन मिलिमीटर कापा, गार पाण्यात तास-दोन तास उभी ठेवा. ताठ झाली नाही तर आणखी वाट बघू नका, त्या दिवशीच पीठ पेरून भाजी करा.

७. फ्रीज नाही, किंवा फ्रीजमध्ये जागाच नाही

सोलापूरचा कोरडा उन्हाळा इथे कामी येतो. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. एक मोठी मातीची कुंडी, तिच्यात मावणारं एक छोटं मातीचं मडकं, दोन्हींच्या मधे दोन-तीन बोटं जाडीची वाळू. दोन्ही भांडी भाजलेल्या साध्या मातीची हवीत, आतून-बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेली नकोत, नाहीतर पाणी झिरपतच नाही. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा, आतल्या मडक्यात कापडात गुंडाळलेली पात ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवा. बंद कोठीच्या खोलीत ठेवलं तर काही उपयोग नाही. याच तत्त्वावर दिल्लीच्या पूसा संस्थेने (भारतीय कृषी संशोधन संस्था) विटा आणि वाळूची विजेशिवाय चालणारी शीतपेटी केली आहे.

माठाखालच्या ओल्या वाळूत मुळं खोचून पात उभी करणं हा त्याचाच छोटा अवतार. चार-सहा कांद्यांना पुरतो. पावसाळ्यात मात्र हवेतच ओल असते, गारवा फारसा येत नाही आणि पात सडते. तेव्हा दोन दिवसांची पातच आणा.

दहा-बारा दिवसांत संपणारच नसेल तर

मग ताजी ठेवण्याचा हट्ट नको. तिसऱ्या दिवसाच्या आत, पात चांगली असतानाच गोठवा. उरली-सुरली, अर्धी पिवळी झालेली पात गोठवून काही हाती लागत नाही.

धुवा, टॉवेलवर पसरून पूर्ण कोरडी करा, अर्धा सेंटीमीटर चिरा. उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. स्टीलच्या ताटात एका थरात पसरून दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाली की एका भाजीला लागेल एवढ्या, म्हणजे दोन-दोनशे ग्रॅमच्या पिशव्या भरा. हवा दाबून काढा आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, नाहीतर बर्फालासुद्धा कांद्याचा वास येतो. ताटात आधी न गोठवता सरळ पिशवीत भरली तर एकच ढेकूळ होतं. चवीने तीन-चार महिने उत्तम राहते. कुरकुरीतपणा मात्र जातो. झुणका, थालीपीठ, वरण यांना छान, भेळेवर किंवा कच्ची भाकरीसोबत खायला नाही. वापरताना वितळू देऊ नका, गोठलेलीच कढईत टाका.

वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गोठवलेली पात पूर्ण वितळून मऊ झाली असेल तर परत गोठवू नका, शिजवून टाका.

मार्च ते मे वाळवणही चांगलं होतं. फक्त हिरवा भाग, एक सेंटीमीटर तुकडे, सावलीत पातळ कापडाखाली दोन दिवस. थेट उन्हात रंग उडतो. चिमटीत दाबल्यावर चुरा झाला तरच बरणीत भरा. नुसता वाकला तर अजून ओल आहे, बुरशी येईल.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: चिरलेली पात किंवा पातीचा ठेचा तेलात बुडवून फ्रीजबाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही, पातीत आंबटपणा नाही, आणि अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो. त्याचा वास किंवा चव येईलच असं नाही. असा ठेचा फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तो खाल्ल्यावर धूसर दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला किंवा बोलायला त्रास होणं असं काही जाणवलं तर घरगुती उपाय नको, तडक रुग्णालय गाठा.

आणि उरलेली पात गाईपुढे टाकू नका. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी जनावरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यामांजरांनाही तेच. खत करा.

८. सगळं नीट केलं, तरी पात जातेच: आता फ्रीज तपासा

आकड्याशिवाय अंदाज नको. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर आणा. ताप मोजायचा चालणार नाही, तो एवढं कमी तापमान वाचत नाही. पेलाभर पाण्यात बुडवून भाजीच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ३ ते ५ अंश असेल तर फ्रीज निर्दोष आहे, पुन्हा पहिल्या चार तपासण्या करा. ८ च्या वर असेल तर पुढे चला. १ च्या खाली असेल तर गारवा कमी-जास्त करायचं बटण एका घराने कमी करा. एप्रिलमध्ये ५ वर केलेलं बटण डिसेंबरमध्येही ५ वरच राहतं, आणि थंडीत पात गोठते ती बहुधा यामुळेच. प्रत्येक बदलानंतर २४ तास थांबून मगच पुन्हा मोजा.

९. रबर, पाण्याचं भोक, मागची जाळी

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर सैल आहे. चारही बाजूंनी बघा, खालचा कोपरा विशेष. आधी कोमट साबणपाण्याने रबराच्या घड्या पुसा. पुष्कळदा नुसता मळच दार टेकू देत नाही.

भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं पाणी वाहून जायचं भोक तुंबलं आहे, आणि पात खालून भिजते. फ्रीजचा प्लग काढा, बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडा. तार खुपसू नका.

फ्रीज भिंतीपासून चार बोटं तरी पुढे हवा. मागे उघडी काळी जाळी असेल तर प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर या जाळीवर कापसाच्या तुसाचा थरच बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. अशा घरात हे दर दोन महिन्यांनी करावं लागतं.

बर्फाच्या खणात बोटाच्या जाडीचा बर्फ जमला असेल तर डीफ्रॉस्ट करा. सुरीने किंवा उलथन्याने बर्फ खरवडू नका. त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की पातीचा प्रश्न बाजूला राहतो आणि फ्रीजच दुरुस्तीला जातो.

१०. इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

बटण सगळ्यात गार घरावर ठेवून २४ तासांनीही ८ अंशांच्या वर असेल. कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि गारवाही नाही. किंवा दर काही मिनिटांनी टक् असा आवाज करून बंद पडतो. बर्फ खणाच्या एकाच कोपऱ्यात धरतो, बाकी खण कोरडा. जळका वास येतो. यातलं काहीही दिसलं की घरचे उपाय बंद. अनेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो आणि तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. अशा फ्रीजच्या नळीला घरी हात लावायचा नाही.

फ्रीजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद करा, मगच प्लग काढा, आणि फ्रीजवाल्याच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

मेकॅनिकला मोजलेले आकडे आणि बटण कोणत्या घरावर होतं ते सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो. तो नुसता गॅस भरतो म्हणाला तर गळती कुठे आहे ते आधी शोधायला लावा. गळती बंद न करता भरलेला गॅस पुन्हा जातो. काम झाल्यावर फ्रीज दिवसभर रिकामा चालवा, पेल्यातलं पाणी पुन्हा मोजा, आणि आकडा ५ किंवा त्याच्या खाली आला की मगच पात आत ठेवा.